सॉफ्टवेअर त्यांचे, कागद आपले



आपल्यापैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या कंपनीत, विद्यापीठात, इस्पितळात किंवा सरकारी खात्यात सॉफ्टवेअर निवडण्याच्या बैठकांना बसतात. कोणी तंत्रज्ञ म्हणून, कोणी हिशेब बघणारा म्हणून, तर कोणी नुसतेच "तुमचे काय मत?" असे विचारले म्हणून. अशा बैठकीत ओपन सोर्सचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, फुकट मिळते आहे, घेऊन टाका. फुकट ते पौष्टिक. दुसरा म्हणतो, घ्याल फुकटचे आणि उद्या बंद पडले तर ओरडायचे कोणाच्या नावाने? गेली पंचवीसेक वर्षे मी अमेरिकेत ह्याच क्षेत्रात नोकरी करतो आहे आणि हा वाद जवळजवळ ह्याच शब्दांत किती वेळा ऐकला त्याची गणती नाही. दोन्ही तटांची नजर सॉफ्टवेअरवर असते. त्या सॉफ्टवेअरमध्ये आपण वर्षानुवर्षे जे लिहून ठेवतो, त्याच्याकडे मात्र कोणाचे लक्ष नसते.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. धंद्याच्या दृष्टीने पहिला प्रश्न असा विचारावा: आमची माहिती ज्या स्वरूपात साठते ते स्वरूप कोणाच्या ताब्यात आहे? दुसरा प्रश्न: हे सॉफ्टवेअर सांभाळणार कोण आणि त्याचा खर्च आपण धरला आहे का? ह्या दोन प्रश्नांची उत्तरे हातात आल्यावर "ओपन सोर्स की विकतचे" हा वाद बराचसा आपोआप मिटतो.

आधी दोन शब्दांतला फरक नीट करून घेऊ, कारण बैठकांत त्यांची सर्रास सरमिसळ होते. ओपन सोर्स म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर वाचण्याची, बदलण्याची आणि पुढे वाटण्याची मोकळीक. ओपन स्टँडर्ड, म्हणजे खुले मानक, ही वेगळी गोष्ट. फाइल कशी लिहायची, दोन यंत्रांनी एकमेकांशी कसे बोलायचे ह्याचे नियम जाहीर असणे, ते कोणालाही पैसे न भरता वापरता येणे आणि ते बदलण्याचा अधिकार एकट्या कंपनीच्या हातात नसणे, हे खुले मानक. मिक्सर कोणत्या कंपनीचा हा एक प्रश्न आणि भिंतीतल्या सॉकेटचे माप कोणी ठरवले हा दुसरा. भारतातून हौसेने मिक्सर आणून इथे ट्रान्सफॉर्मर शोधत फिरलेल्या पिढीला हा फरक अधिक समजावून सांगायला नको.

ह्याच फरकावरून अमेरिकेत एक मोठे राजकारण झाले, ते आमच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे प्रमुख पीटर क्विन आणि प्रशासन व अर्थ खात्याचे सचिव एरिक क्रिस ह्यांच्या पुढाकाराने सप्टेंबर २००५ मध्ये एक तांत्रिक आराखडा मंजूर झाला. राज्याच्या कार्यकारी विभागातील कार्यालयांनी १ जानेवारी २००७ पासून आपले दस्तऐवज ओपनडॉक्युमेंट ह्या खुल्या स्वरूपात ठेवावेत, असे त्यात होते. पीडीएफलाही मुभा होती. सुमारे पन्नास हजार संगणकांचा प्रश्न होता. गव्हर्नर होते रिपब्लिकन पक्षाचे मिट रॉमनी, त्यामुळे ह्याला कोणा चळवळ्यांचे खूळ म्हणून उडवून लावणे कठीण होते. सरकारी कागद जनतेचा आहे, तो अनेक पिढ्यांनंतरही वाचता आला पाहिजे आणि त्यासाठी कोणा एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागता कामा नये, एवढेच साधे तत्त्व त्यामागे होते.

लक्षात घ्या, त्या आराखड्यात "ओपन सोर्सच वापरा" अशी सक्ती नव्हती. जे सॉफ्टवेअर ओपनडॉक्युमेंट वाचू-लिहू शकेल ते चालणार होते, मग ते विकतचे का असेना. मायक्रोसॉफ्टने मात्र तेव्हा आपल्या ऑफिसमध्ये ह्या स्वरूपाची सोय करायला नकार दिला आणि स्वतःचे नवे स्वरूप मानक म्हणून मान्य करून घेण्याची खटपट सुरू केली. राज्याच्या सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. क्विन ह्यांच्या परिषदांच्या प्रवासावरून वृत्तपत्रात बातमी आली. चौकशीत त्यांचे वर्तन निर्दोष ठरले, पण ह्या सगळ्याला कंटाळून जानेवारी २००६ मध्ये त्यांनी पद सोडले. त्यांच्या जागी आलेल्या लुई गुटिएरेझ ह्यांनीही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, प्रकल्पांना पैसा मिळत नाही म्हणून राजीनामा दिला. ऑगस्ट २००७ मध्ये राज्याने मायक्रोसॉफ्टचे ओपन एक्सएमएल हे स्वरूपही स्वीकारार्ह यादीत घातले.

ह्याला कोणी पराभव म्हणेल. मी तसे म्हणणार नाही. एप्रिल २००९ मध्ये आलेल्या ऑफिस २००७ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये मायक्रोसॉफ्टने ओपनडॉक्युमेंटची सोय केली. तोपर्यंत ओपनडॉक्युमेंट २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले होते आणि २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचे स्वरूपही, मोठ्या वादावादीनंतर, त्याच मार्गाने गेले होते. (भारताच्या मानक ब्यूरोने त्या प्रस्तावाच्या विरोधात मत दिले होते.) आधी बंद असलेल्या कपाटाची किल्ली अशी बाहेर आली. एका मोठ्या गिऱ्हाइकाने योग्य प्रश्न विचारला, ह्याचा त्यात वाटा होता असे मला वाटते.

ह्या प्रकरणातली आणखी एक बाजू आपल्यासारख्यांनी विसरता कामा नये. आराखड्याला सर्वांत सबळ विरोध आला तो दृष्टिहीन आणि इतर अपंग कर्मचाऱ्यांकडून. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी त्यांची साधने मायक्रोसॉफ्ट ऑफिसशी उत्तम जुळवून घेतलेली होती. ओपनडॉक्युमेंट वापरणाऱ्या प्रोग्रॅमांशी ती नीट चालत नव्हती. म्हणजे "सर्वांसाठी खुले" म्हणून आणलेल्या स्वरूपामुळे काही जणांची नोकरीच अवघड होणार होती. ही तक्रार कंपनीच्या बाजूने वापरली गेली हे खरे, पण म्हणून ती खोटी ठरत नाही. तिचे पुढे काय झाले हे महत्त्वाचे आहे. मानक तयार करणाऱ्या समितीत त्या विषयाचे जाणकार आले, त्रुटी मांडल्या गेल्या आणि फेब्रुवारी २००७ मध्ये मान्य झालेल्या ओपनडॉक्युमेंट १.१ मध्ये त्यांच्यासाठी सुधारणा झाल्या. खुल्या मानकाचा व्यवहारातला फायदा हाच. तक्रार करायला दार असते आणि दाराच्या आत खुर्चीही मिळू शकते.

हे सगळे सरकारी आणि परके वाटत असेल तर आपल्या मराठीकडे बघा. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही कित्येक वर्षे इंटरनेटवर मराठी वृत्तपत्र वाचायचे तर त्या वृत्तपत्राचा फॉन्ट आधी उतरवून घ्यावा लागे. दुसरे वृत्तपत्र, दुसरा फॉन्ट. प्रत्येक फॉन्टने रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे आपापल्या क्रमाने बसवलेले. फॉन्ट काढून घेतला की खाली उरे ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. आपल्या गावोगावच्या मंडळांनी त्या काळात हौसेने टंकलिखित केलेल्या स्मरणिकांच्या फाइली आज उघडून पाहा. छापील अंक कपाटात आहे म्हणून लेख वाचता येतो. फाइलीतला मजकूर मात्र योग्य फॉन्ट किंवा रूपांतर करणारा प्रोग्रॅम मिळेपर्यंत मुका. आणि रूपांतर झाले तरी जोडाक्षरे एकेक करून तपासावी लागतात.

तेव्हा मानके नव्हती असे नाही. इस्की हे भारतीय मानक १९९१ चे; युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची आणि तिच्यात देवनागरी होती. मानक कागदावर होते. गिऱ्हाईक ते मागत नव्हते, म्हणून विक्रेते आपापली चूल मांडून बसले होते. कोणत्याही कंपनीला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने श्रीलिपी काढली नसती तर मराठी प्रकाशन व्यवसाय संगणकावर यायला आणखी उशीर झाला असता. ह्याच मॉड्युलरने पुरवलेले लोहित हे फॉन्ट रेड हॅटने मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केले आणि लिनक्सवर देवनागरी वाचणाऱ्या असंख्य लोकांची सोय झाली. एकच कंपनी दोन्ही प्रकारे काम करू शकते. ती कोणत्या प्रकारे करील हे पुष्कळदा गिऱ्हाईक काय मागते ह्यावर ठरते.

आणि मानक खुले असले म्हणून ते आपोआप आपल्या सोयीचे होत नाही. "दऱ्या" आणि "दर्या" ह्यांतला फरक कोणाही मराठी माणसाला कळतो. एकात डोंगर आहेत, दुसऱ्यात पाणी. हिंदीला त्या पहिल्या ऱ्याची गरज पडत नाही. देवनागरी म्हणजे हिंदी असे समजून नियम केले तर आपले अक्षर बाहेर राहते. ते आत यायचे तर मराठी जाणणाऱ्या कोणीतरी मानकांच्या कंटाळवाण्या कामात डोके घालावे लागते. युनिकोडमध्ये आज त्याची सोय आहे आणि त्यामुळेच हा परिच्छेद तुमच्यापर्यंत धड पोचला.

आता ओपन सोर्सच्या खऱ्या जोखमींकडे वळतो. त्या आहेत आणि आपल्या बाजूच्या लोकांनी त्या लपवू नयेत.

पहिली जोखीम परवान्याची. मुक्त म्हणजे बिनशर्त नव्हे. सिस्कोने २००३ मध्ये लिंकसिस ही कंपनी सुमारे पन्नास कोटी डॉलरना विकत घेतली. तिच्या घरगुती राउटरमध्ये लिनक्स होते आणि जीपीएल परवान्यानुसार त्याचा मूळ मजकूर ग्राहकांना उपलब्ध करून देणे बंधनकारक होते. ते झालेले नव्हते. सॉफ्टवेअर लिंकसिसकडे बाहेरच्या पुरवठादारांच्या साखळीतून आले होते, पण उत्तर द्यावे लागले मालकाला. पुढे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने डिसेंबर २००८ मध्ये सिस्कोवर खटला भरला आणि तो २००९ मध्ये तडजोडीने मिटला. धडा सरळ आहे: तुमच्या मालात कोणाचा कोड कोणत्या अटीवर आला आहे त्याची यादी हवी. किराण्याच्या दुकानदाराकडेही मालाची वही असते.

दुसरी जोखीम खटल्याची. एससीओ ह्या कंपनीने मार्च २००३ मध्ये आयबीएमवर लिनक्सवरून दावा लावला आणि २००४ मध्ये तर ऑटोझोन आणि डेमलरक्रायस्लर ह्या गिऱ्हाईक कंपन्यांनाही कोर्टात खेचले. त्या दिवसांत कित्येक वकिलांनी आपल्या अशिलांना लिनक्सला हात लावू नका असा सल्ला दिला. ज्या हक्कांच्या जोरावर एससीओ गर्जत होती ते युनिक्सचे हक्क नोव्हेलकडे असल्याचा निर्णय २००७ मध्ये आला, आणि एससीओने दिवाळखोरी जाहीर केली. भीती पोकळ ठरली, पण तोवर चार वर्षे गेली. छोट्या कंपनीला चार वर्षे म्हणजे आयुष्य.

तिसरी जोखीम सर्वांत मोठी आणि ती कोर्टातली नाही. ती सांभाळणुकीची. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधले हार्टब्लीड हे भोक जगाला कळले. अर्ध्याअधिक इंटरनेटचे व्यवहार ज्या कुलपावर विसंबून होते ते कुलूप मूठभर लोक सांभाळत होते आणि त्यांच्या संस्थेला वर्षाला मिळणाऱ्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलर होत्या. त्यावर अब्जावधींचा धंदा करणाऱ्या कंपन्यांना तोपर्यंत ह्याची जाणीवही नव्हती. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेच्या बाबतीत तोच प्रकार. सुट्टीच्या दिवसांत स्वयंसेवक दुरुस्त्या करत बसले होते आणि जगभरचे व्यवस्थापक त्यांच्याकडून तातडीने उत्तरे मागत होते.

पण दर वेळी दोष कोडचाच असतो असेही नाही. इक्विफॅक्समधून २०१७ मध्ये सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. आपल्यापैकी अनेकांचीही त्यात असणार. चोर शिरले ते अपाची स्ट्रट्समधल्या भोकातून. मात्र त्या भोकाची दुरुस्ती मार्च महिन्यातच प्रसिद्ध झाली होती आणि चोरी सुरू झाली मे महिन्यात. आपल्या कोणत्या यंत्रावर स्ट्रट्स चालते आहे हे कंपनीला वेळेत सापडले नाही. दुरुस्ती फुकट होती. ती लावायला माणूस लागतो आणि माणूस फुकट नसतो.

चौथी जोखीम, धोरण बदलण्याची. रेड हॅटने डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केले की सेंटओएस ८ चा आधार २०२१ अखेर संपेल. लोक तो २०२९ पर्यंत धरून चालले होते. खूप आरडाओरडा झाला. पण मूळ मजकूर उपलब्ध असल्यामुळे काही महिन्यांतच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभे राहिले आणि लोकांना जायला जागा झाली. आता विकतच्या बाजूचे उदाहरण घ्या. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ताब्यात घेतली आणि महिन्याभरात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद केली. ह्यापुढे वर्गणीच भरा. करार करून, पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या गिऱ्हाइकांनाही धोरणबदल चुकला नाही. "ओरडायचे कोणाच्या नावाने" हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

मी पूर्वी ज्या कंपनीत होतो तिथे (नावाला महत्त्व नाही) ग्राहकांच्या तक्रारींच्या नोंदी एका विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये होत्या. विक्रेता दुसऱ्याने विकत घेतला, दर वाढले आणि आम्ही बाहेर पडायचे ठरवले. तेव्हा कळले की नोंदी काढून घेण्याची सोय आहे, पण कोणती नोंद कोणत्या ग्राहकाची हा दुवा त्यात येत नाही. नवे सॉफ्टवेअर बसवायला जेवढे दिवस लागले त्याच्या कितीतरी पट जुन्या नोंदी जुळवण्यात गेले. नवे सॉफ्टवेअर ओपन सोर्स होते की नाही, ह्याने त्या त्रासात काडीचाही फरक पडला नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत हे विचारावे असे सुचवतो. उद्या हे सोडायचे ठरले तर आमच्या सर्व नोंदी, दुव्यांसकट, कोणत्या जाहीर स्वरूपात मिळतील? नुसते "मिळतील" असे उत्तर ऐकून घेऊ नका. करार होण्यापूर्वी एकदा काढून दाखवायला सांगा. दुरुस्त्या कोण लावणार त्या माणसाचे नाव काय, आणि तो रजेवर गेला तर कोण? परवान्यांची यादी कोणाकडे आहे? आणि सॉफ्टवेअर ओपन सोर्स असेल तर वाचलेल्या पैशातला किती हिस्सा ते सांभाळणाऱ्यांकडे जाणार? हा शेवटचा प्रश्न ऐकून हिशेबनीस चमकतील. त्यांना सांगा की ही देणगी नाही, विम्याचा हप्ता आहे. सार्वजनिक गणपतीची आरती सगळेच म्हणतात. वर्गणी कोणीतरी द्यावी लागते.

मंडळांना आणि मराठी शाळांना हेच अधिक लागू आहे. दर दोन वर्षांनी कार्यकारिणी बदलते, आणि सभासदांची यादी, देणगीदारांचा हिशेब, मुलांचे निकाल ज्याच्या लॅपटॉपवर असतात तो दुसऱ्या राज्यात नोकरीला जातो. वर्षातून एकदा, सर्वसाधारण सभेच्या आधी, सगळ्या नोंदी साध्या, जाहीर स्वरूपात काढून ठेवा: मजकूर युनिकोडमध्ये, याद्या साध्या तक्त्यात, छापायचे कागद पीडीएफमध्ये. (पीडीएफ हे अडोबीचे खासगी स्वरूप होते, २००८ मध्ये तेही आंतरराष्ट्रीय मानक झाले.) एका रविवारच्या दुपारचे हे काम आहे. सॉफ्टवेअर मग कोणतेही वापरा.

सॉफ्टवेअर येते आणि जाते. ज्यांनी मेहनतीने काही लिहून ठेवले त्यांचे लिहिणे त्याच्याबरोबर जाऊ नये. मॅसॅच्युसेट्समध्ये दोन अधिकाऱ्यांनी एवढ्यासाठीच भांडण ओढवून घेतले. आपल्याला त्या मानाने फार थोडे करायचे आहे. बैठकीत हात वर करून एक प्रश्न विचारायचा आहे आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत तो खाली घ्यायचा नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
संपादक